कोंबडं झाकलं तरी… : कोकणची थंडी आणि परसातली कोंबडी

गेल्या डिसेंबरात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा निरोप आला. लग्नानंतर ती कॅनडात गेली. शहराबाहेर घर आहे, मागे मोकळी जागा आहे, म्हणून तिने सात-आठ कोंबड्या पाळल्या आहेत. फोटोत सगळीकडे बर्फ, मधोमध लाकडी खुराडे आणि दारात पिसे फुगवून बसलेल्या कोंबड्या. खाली लिहिले होते, "आपा, पाणी तासाभरात गोठतं. कोंबड्याच्या तुऱ्याचं टोक काळं पडलंय. आपल्याकडे नानी-दादी थंडीत काय करायच्या?"

मला आधी हसू आले. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर थंडी म्हणजे पहाटे गोधडी अंगावर ओढायची आणि दहा वाजता पंखा लावायचा. रात्री पारा फार तर पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. पण हसू ओसरल्यावर जाणवले की तिचा प्रश्न चुकीचा नाही. आमच्याकडेही खुराडी रिकामी झाल्याच्या ज्या आठवणी आहेत, त्या बहुतेक दिवाळी ते होळी या दिवसांतल्याच आहेत. कोंबड्या गारठून मेल्या नाहीत, पण मेल्या थंडीतच. असे का होते, याचा इतिहास आहे आणि तो फक्त कोंबड्यांचा नाही, माणसांचाही आहे.

नानीचे खुराडे

माझे आजोळ म्हसळा तालुक्यात, खाडीकाठच्या एका गावात. पुरुष मंडळी आधी मुंबईच्या गोदीत आणि जहाजांवर, नंतर आखातात. गावात राहायच्या त्या बायका, मुले आणि म्हातारे. मनीऑर्डर वेळेवर आली तर ठीक, नाही आली तर घर चालवायचे कसे, हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येक घरातल्या बाईने सोसला आहे. त्या प्रश्नाचे एक उत्तर परसात चारा टिपत फिरत असायचे.

नानीकडे दहा-बारा कोंबड्या आणि एक कोंबडा. जमीन नानांच्या नावावर, घर त्यांच्या भावाबरोबर सामाईक, पण कोंबड्या नानीच्या. अंडी विकून आलेल्या पैशाचा हिशोब तिला कोणी विचारत नसे. माझ्या आईची शाळेची पहिली वही त्याच पैशातून आली. पाहुणा आला की कोंबडी, बाळंतिणीला कोंबडीचा रस्सा, कोणी आजारी पडले तर दोन अंडी. आमच्या आगरी-कोळी शेजाऱ्यांकडेही हेच. किनाऱ्यावरच्या गावांत धर्म वेगळे होते, सण वेगळे होते, पण परसातले खुराडे सगळ्यांकडे सारखेच होते आणि जवळजवळ सगळीकडे त्याची मालकीण बाईच होती.

मगरिबच्या अजानच्या सुमारास नानी कोंबड्या मोजायची. एखादी कमी भरली की हातात कंदील घेऊन वाडीत शोध सुरू. थंडीत तिची कामे थोडी वाढायची. खुराड्यात भाताचा सुका पेंढा आणि चुलीतली राख पसरायची. उत्तरेकडच्या फटीला गोणपाट लावायचे, पण वरची फट उघडी ठेवायची. दाण्यात कणीबरोबर सुकटीचा चुरा मिसळायचा. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसली की पिल्ले बाहेर पडत. ती पिल्ले रात्री चुलीजवळ, तूस पसरलेल्या टोपलीत. दिवसा डालग्याखाली, म्हणजे घारीचीही भीती नको आणि वाऱ्याचीही.

हे सगळे मी त्या मुलीला लिहून पाठवले, तेव्हा लक्षात आले की नानीचे नियम बर्फाच्या देशातही लागू पडतात.

उष्ण रानातला पक्षी

कोंबडी मुळात उष्ण प्रदेशातली. तिचा पूर्वज लाल रानकोंबडा आग्नेय आशियाच्या जंगलातला. तिच्या पिवळ्या कातडीचा गुण मात्र त्या पूर्वजाकडून नाही, तर आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांच्या रक्तात थोडे आपले डोंगर आहेत.

तिच्या अंगाचे तापमान ४१-४२ अंश असते. डोक्यावरचा मोठा तुरा आणि गळ्याखालचे कल्ले हे उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायला उपयोगी. कडाक्याच्या थंडीत मात्र तोच तुरा आधी गोठतो. म्हणून थंड देशांनी लहान तुऱ्याच्या जाती शोधल्या. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात ओका येथील मठातल्या एका ख्रिस्ती साधूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'शांतेक्लेर' ही जात तयार केली. तिचा तुरा आणि कल्ले जवळजवळ नाहीतच. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत 'ब्रह्मा' नावाची भली मोठी, पायांवर पिसे असलेली आणि हिवाळ्यातही अंडी देणारी कोंबडी प्रसिद्ध झाली. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले आणि तिचा बुटका तुरा चितगावकडून गेलेल्या पक्ष्यांकडून आला, असे मानले जाते. आपल्या असील कोंबड्याचा तुराही असाच चापट असतो. मी उर्दू शिकवते, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: 'असील' हा 'अस्ल' या अरबी शब्दाच्या कुळातला, अर्थ खानदानी, अस्सल मुळाचा.

थंडीने कोंबडी सहसा मरत नाही. पिसे कोरडी असतील आणि पोट भरलेले असेल तर ती बराच गारठा सोसते. तिला मारते ती ओल. लोक घाबरून खुराडे चारी बाजूंनी बंद करतात. मग श्वासाची वाफ आणि विष्ठेतला अमोनिया आत कोंडतो. तुरा गोठतो तो त्या ओलसर हवेने आणि छाती भरते ती अमोनियाने. नानीने वरची फट का उघडी ठेवली, याचे शास्त्र हे आहे. तिला अमोनिया हा शब्द माहीत नव्हता, पण सकाळी खुराडे उघडल्यावर डोळे चुरचुरले तर रात्री हवा कोंडली होती, हे तिला कळत होते.

अंडी कमी होण्याचे कारणही थंडी नसून उजेड आहे. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाला साधारण १४ तास उजेड लागतो. आमच्याकडे डिसेंबरचा दिवस ११ तासांचा, कॅनडात तर आठ-नऊ तासांचाच. अंडी थांबली म्हणजे कोंबडी आजारी नाही, ती विश्रांती घेते आहे. देशी कोंबडी तशीही वर्षाला साठ-सत्तर अंडीच देते.

इथपर्यंत माझे उत्तर सोपे होते. पुढचे मी तिला लगेच लिहू शकले नाही.

मानमोडी

मी चौथीत होते. जानेवारीचे दिवस. शेजारच्या वाडीत कोंबड्या मरताहेत, अशी कुजबुज होती. एका सकाळी आमच्या खुराड्यात एक तलंग मान वाकडी करून गोल गोल फिरताना दिसली. हिरवट हगवण, लुळा पडलेला पंख. संध्याकाळपर्यंत ती गेली. नानीने अंधार पडल्यावर तिला माडाच्या मुळाशी पुरले आणि मला म्हणाली, "कुणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी दारावर कोंबडीवाला आला. नानीने दोन धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या त्याला विकल्या. आणखी दोन माझ्या खालाकडे पाठवल्या. खाला पलीकडच्या गावात बाळंत झाली होती, छट्टी होती. एका बाजूने ती भेट होती आणि दुसऱ्या बाजूने, हे मला फार उशिरा कळले, ती चार कोंबड्यांची किंमत वाचवण्याची धडपड होती. आठवडाभरात आमचे खुराडे रिकामे झाले. पंधरा दिवसांत खालाचे आणि तिच्या शेजारणींचेही. नानी त्यावर कधी बोलली नाही. शेवटच्या आजारपणात एकदाच म्हणाली, "मला ठाऊक होतं."

त्या रोगाला आमच्याकडे मानमोडी म्हणतात. पुस्तकातले नाव राणीखेत. १९२६ मध्ये इंडोनेशियातल्या जावा बेटावर आणि इंग्लंडच्या न्यूकॅसल शहराजवळ जवळजवळ एकाच वेळी कोंबड्या मरू लागल्या. १९२७ मध्ये कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला हाच रोग नोंदवला गेला. जगाने त्याला न्यूकॅसल म्हटले, आपण राणीखेत म्हणालो आणि कोकणातल्या बाईने जे डोळ्यांनी दिसले तेच नाव ठेवले. तीन नावे, पण विषाणू एकच. लस न दिलेल्या कळपात तो शिरला की शंभरातल्या नव्वद कोंबड्याही जाऊ शकतात.

याची लस मात्र आपल्याच देशात तयार झाली आणि तिच्या जन्माला थंडीचा हातभार आहे. १८८९ मध्ये ब्रिटिश सरकारने जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा पुण्यात सुरू केली. पुण्याचे हवामान उष्ण, आसपास वस्ती दाट. गुरांच्या बुळकांडीवर काम करायचे तर एकांत आणि गारवा दोन्ही हवे. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. तिथेच १९४० च्या दशकात राणीखेत रोगाची 'मुक्तेश्वर' किंवा 'आर-टू-बी' नावाने ओळखली जाणारी लस विकसित झाली. आजही आपल्याकडे पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीची सुई, असा क्रम सांगितला जातो. महाराष्ट्रात पुण्याच्या औंधमध्ये पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था अशा लसी बनवते.

म्हणजे मी चौथीत असताना लस अस्तित्वात होती, तीही चाळीसेक वर्षे आधीपासून. मग ती नानीच्या खुराड्यापर्यंत का पोचली नाही?

कारण लसीला स्वतःलाच थंडी लागते. तयार होते तिथून परसापर्यंत ती बर्फात यावी लागते. आमच्या गावात त्या काळात वीज यायची आणि जायची. फ्रीज असलेले घर एखादेच. दुसरे कारण साधे गणिताचे. लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची. एकदा पाण्यात कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. पोल्ट्रीवाल्याकडे हजार पक्षी एका छपराखाली. नानीकडे बारा, शेजारणीकडे आठ, पलीकडे पाच, त्याही दिवसभर मोकाट. सगळ्या बायकांनी एकाच दिवशी पहाटे कोंबड्या डालून ठेवल्या, तरच एक बाटली सार्थकी लागणार. त्यासाठी कोणीतरी गावात येऊन बायकांशी बोलायला हवे होते. पण त्या बारा कोंबड्यांना कोणी मालमत्ता समजतच नव्हते.

१९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढच्या काळात महाराष्ट्र कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र बनला. अंडी आणि चिकन गरिबाच्या ताटात आले, हे त्या उद्योगाचे श्रेय नाकारता येणार नाही. पण कोंबडी म्हणजे पोल्ट्री, अशी समजूत त्याच काळात रुजली. परसातल्या कोंबड्या मात्र संपल्या नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशात एकूण ८५ कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यातली सुमारे ३१.७ कोटी परसातली होती आणि आधीच्या गणनेपेक्षा हा आकडा जवळपास ४६ टक्क्यांनी वाढलेला होता. नानीचे खुराडे अजून या देशात आहे. फक्त त्याच्याकडे लक्ष जाते ते संकट आल्यावर.

थंडीतला पाहुणा

ते संकट १८ फेब्रुवारी २००६ रोजी बातम्यांत आले. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. त्या दिवसानंतर नवापूर वेगळ्याच कारणाने देशभर माहीत झाले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूची खात्री केली आणि पांढरे पोशाख घातलेली पथके लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरू लागली. मोठ्या पोल्ट्रीबरोबर आसपासच्या आदिवासी पाड्यांवरच्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. नवापुरात माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही, पण देशभर चिकनची दुकाने ओस पडली. आमच्या तालुक्यातल्या कोंबडीवाल्यांनी त्या महिन्यात दुकानात भाजी विकली.

त्यानंतरच्या तारखा पाहा. जानेवारी २०२१, परभणीतले मुरुंबा गाव. त्याच सुमारास मुंबई, ठाणे, बीड आणि आपल्या कोकणातल्या दापोलीत मेलेले पक्षी. फेब्रुवारी २०२२, शहापूर तालुक्यातले वेहळोली. जानेवारी २०२५, उदगीरचे कावळे. आणि त्याच जानेवारीत आपल्या रायगडात, उरण तालुक्यातले चिरनेर.

सगळ्या तारखा थंडीच्या. याला दोन कारणे आहेत. हा विषाणू उन्हात लवकर मरतो आणि गार, ओलसर जागी, गार पाण्यात जास्त दिवस टिकतो. शिवाय त्याचे मूळ वाहक पाणपक्षी. मध्य आशिया आणि सायबेरियातून ते ऑक्टोबरपासून आपल्याकडे उतरतात आणि मार्चमध्ये परततात. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या खाड्या, खाजणे आणि मिठागरे ही त्यांची हिवाळी मुक्कामाची ठिकाणे. त्या पक्ष्यांना दोष देण्यात अर्थ नाही, ते हजारो वर्षे येताहेत. पण आपली बदके-कोंबड्या त्याच तळ्यावर पाणी पितात, हे विसरूनही चालणार नाही. कडाक्याच्या थंडीने हाकललेले पक्षी आपल्या सौम्य थंडीत आसऱ्याला येतात आणि कधी कधी त्यांच्याबरोबर रोगही येतो. बर्फ आमच्याकडे पडत नाही, पण उत्तरेतल्या बर्फाचा परिणाम आमच्या खुराड्यापर्यंत पोचतो तो असा.

चिरनेर म्हटले की आपल्याला २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह आणि तिथे गोळीबारात पडलेले हुतात्मे आठवतात. जानेवारी २०२५ मध्ये त्याच गावात घरगुती कोंबड्या मरू लागल्या, नमुने तपासले गेले आणि बर्ड फ्लू निघाला. नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारल्या गेल्या आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली गेली. मेलेल्यांचे जाऊ द्या, पण चांगल्या, दाणे टिपणाऱ्या, उद्या अंडी घालणाऱ्या कोंबड्या सरकारी माणसाच्या हातात द्यायच्या, हे बाईला किती जड जाते हे कोणत्याही अहवालात येत नाही.

लपवणे आणि दाखवणे

कायदा स्पष्ट आहे. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाची शंका आली तर मालकाने कळवलेच पाहिजे. नुकसानभरपाईही आहे, खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. पण ती मिळते पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेले त्यांचे काही नाही. म्हणजे जो लवकर सांगतो त्याला भरपाई जास्त, जो वाट पाहतो त्याला कमी. कागदावर हे शहाणपणाचे आहे. पण हा नियम परसातल्या बाईला कोणी सांगितला आहे का? तिला दिसते ते एवढेच, की सांगितले तर सगळ्या जातील आणि गप्प राहिले तर कदाचित दोन वाचतील. शिवाय "तुझ्यामुळे आमच्याही गेल्या" हे शेजारणीचे बोल वेगळेच.

हे फक्त कोंबड्यांबाबत घडलेले नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा आला, घरोघर झडत्या सुरू झाल्या, आजाऱ्यांना उचलून इस्पितळात आणि नातेवाइकांना छावणीत नेले जाऊ लागले. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसे लपवू लागले. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत रिपन रोडच्या भागात, मुसलमान विणकरांच्या वस्तीत, तपासणी पथक एका आजारी मुलीपर्यंत पोचले. घरच्यांनी अडवले, जमाव जमला, गोळीबार झाला आणि दंगल शहरभर पसरली. त्यानंतर सरकारने सक्ती सैल केली आणि लोकांना विश्वासात घेण्याकडे धोरण वळले. त्या वस्तीतली माणसे अडाणी होती म्हणून त्यांनी मुलगी लपवली, असे मला वाटत नाही. दाखवली तर ती परत येईल याची खात्री त्यांना कोणी दिली नव्हती. पण हेही खरे, की लपवलेल्या प्रत्येक रोग्याने शेजारच्या घरात प्लेग नेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नानीबद्दलही मला हेच म्हणायचे आहे.

आपल्या परंपरेत या बाबतीत संदिग्धता नाही. हदीसमध्ये आजारी उंटांच्या मालकाला आपली जनावरे निरोगी कळपात नेण्यास मनाई आहे. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, हीही शिकवण सगळ्यांना माहीत आहे. इसवी सन ६३९ च्या सुमारास शाममध्ये अमवासची साथ पसरली, तेव्हा हजरत उमर सरघ या ठिकाणाहून सल्लामसलत करून परत फिरले. तिथेच अब्दुर्रहमान बिन औफ यांनी ही हदीस सांगितली. म्हणजे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी आपल्याला जे सांगितले गेले, त्यालाच आज एक किलोमीटर आणि दहा किलोमीटरची वर्तुळे म्हणतात. छट्टीसाठी पाठवलेल्या त्या दोन कोंबड्या या शिकवणीत बसत नव्हत्या. नानी पाच वक्ताची नमाजी होती. तिला हे ठाऊक होते, म्हणूनच शेवटपर्यंत ते तिच्या मनात राहिले.

पण शिकवण सांगून जबाबदारी संपत नाही. दाखवणाऱ्याचे नुकसान लपवणाऱ्यापेक्षा जास्त होणार असेल, तर उपदेशाचा उपयोग नाही. चार गोष्टी आपल्या गावांत आजही सहज होऊ शकतात. दिवाळीच्या आधी मोहल्ल्यातल्या आणि शेजारच्या वाडीतल्या बायकांनी कोंबड्यांची मोजणी करून पशुवैद्यकीय दवाखान्यातून एक बाटली लस मागवावी आणि एकाच पहाटे सगळ्यांच्या कोंबड्यांना द्यावी. ही लस मानमोडीची; भारतात बर्ड फ्लूवर कोंबड्यांना लस देऊन नव्हे, तर बाधित भागातल्या कोंबड्या मारून रोग थांबवला जातो, हा फरक लक्षात असू द्या. मेलेला पक्षी कुत्र्या-मांजरांना टाकू नये, उघड्या हाताने सोलू नये, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. एकाच घरात दोन-तीन पक्षी अचानक गेले तर कापायचे नाही, विकायचे नाही, पाठवायचे नाही, कळवायचे. आणि ज्या घरातून कळवले गेले, त्या घराला गावाने सांभाळायचे. बैतुलमाल असेल तर त्यातून, बचतगट असेल तर त्यातून, होळीनंतर रोग सरल्यावर त्या बाईला चार तलंगा आणि एक कोंबडा द्यायला किती पैसे लागतात?

त्या मुलीला मी शेवटी सगळेच लिहिले. खुराड्याची वरची फट उघडी ठेव, खाली पेंढा कोरडा ठेव, पाणी कोमट करून दिवसातून तीनदा दे, तुऱ्याला रात्री व्हॅसलीन लाव, अंडी थांबली तर घाबरू नको. आणि एखादी कोंबडी मान टाकताना दिसली, तर त्या दिवशी शेजारणीकडे अंडी पाठवू नकोस, आधी डॉक्टरला फोन कर. नानीची गोष्टही लिहिली. आईला विचारूनच लिहिली. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "लिही. अम्मीला आता बरंच वाटेल."

आपल्याकडे म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. लहानपणी वर्गात मी ही म्हण पाठ केली होती. आता मुलांना शिकवते तेव्हा अर्थ सांगून झाल्यावर विचारते, पण बाईने कोंबडं झाकलं का असेल? गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "आपा, तिला वाटलं असेल, कुणीतरी घेऊन जाईल." मी फळ्यावर म्हणीच्या खाली तिचे वाक्यही लिहिले.